टीएमटी ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ आलीय, लगेच अँजिओग्राफी करायची का?

धायरीची_स्मिता | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, खरं सांगायचं तर घाबरून लिहितेय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ४६ वर्षांची, धायरीला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हार्ट चेकअपचा कॅम्प होता, तिथे रक्त आणि ईसीजी झालं आणि ज्यांना हवं त्यांना त्यांच्या सेंटरवर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवत काढतात तो ईसीजी) सवलतीत. मला त्रास म्हणाल तर काहीच नाही, छातीत दुखत नाही, शाळेचे तीन मजले दिवसातून चार-पाच वेळा चढउतर होतात. पण आमच्या पप्पांना ५२ व्या वर्षी अटॅक आला आणि त्यातून ते उठले नाहीत, मी तेव्हा बारावीत होते. त्यामुळे हार्ट हा शब्द आला की माझं डोकं चालायचं बंद होतं. म्हणून करून घेतली टीएमटी.

पट्ट्यावर चालताना तो मुलगा सारखा स्क्रीनकडे बघत होता, शेवटी शेवटी पट्टा इतका वर उचलला की मला सिंहगडाची वाट आठवली, दम लागला पण दुखलं नाही. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला, खाली लिहिलंय ‘माइल्डली पॉझिटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्केमिया’. सोमवारी सकाळी मी वर्गावर असताना फोन, मॅडम तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, अँजिओग्राफी लवकर करून घ्या, या आठवड्यात केलीत तर पॅकेजमध्ये बसवून देतो. तेव्हापासून रोज एक फोन. कुठल्याही डॉक्टरांनी मला अजून समोर बसवून काही सांगितलेलं नाही, फोन करते ती मुलगी ‘सर म्हणतायत’ एवढंच म्हणते.

मिस्टर म्हणतात एकदाची करून टाक, मनातला किडा जाईल. जाऊबाई म्हणतात आधी दुसऱ्या कुणाला दाखव. मला रात्री झोप नाही, डाव्या कुशीवर झोपलं की ठोके ऐकू येतात.

रिपोर्ट देते. बीपी १२८/८२. एचबीए१सी ५.६. कोलेस्टेरॉल २१८, एलडीएल १३८, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १७०. हिमोग्लोबिन ९.४. ईसीजी नॉर्मल, एको नॉर्मल, ईएफ ६०. टीएमटीमध्ये ८ मिनिटं ५० सेकंद चालले, ठोके १६८ पर्यंत गेले, तिसऱ्या स्टेजला व्ही-५ व्ही-६ मध्ये १ मिमी अपस्लोपिंग एसटी डिप्रेशन, रिकव्हरीत एका मिनिटात नॉर्मल. यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. कुणी समजावून सांगेल का?

कोथरूडचा_निनाद | रविवार, रात्री ११:३२

ताई, आधी एक करा, त्या नंबरवरून आलेले फोन उचलणं बंद करा. माझ्या बायकोची दोन वर्षांपूर्वी डिट्टो हीच केस, ऑफिसच्या चेकअपमध्ये टीएमटी पॉझिटिव्ह, आम्ही दोघंही रडायचे बाकी होतो. नंतर आमच्या हार्टच्या डॉक्टरांनी सीटी अँजिओ करायला लावली, नळ्या स्वच्छ. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाहीये, पण पॉझिटिव्ह म्हणजे ब्लॉकेज आहेच असं नसतं एवढं नक्की.

पट्टेवाली_हडपसर | सोमवार, सकाळी ६:४५

ड्यूटीला निघायच्या आधी लिहिते. मी टेक्निशियन आहे, १४ वर्षं टीएमटी घेतेय, त्यामुळे डॉक्टरकी करणार नाही, फक्त पट्ट्यावर काय होतं ते सांगते.

आपल्याकडे जवळपास सगळीकडे ब्रूस प्रोटोकॉल लावतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा स्पीड वाढतो आणि चढही वाढतो. पहिल्या स्टेजला ताशी २.७ किमी, भाजी घेत मंडईतून चालतो तसं. तिसऱ्याला साडेपाच किमी आणि १४ टक्के चढ, तिथे बऱ्याच जणांची बोलती बंद होते. स्मिताताई तुम्ही तिसरी स्टेज जवळजवळ पुरी केलीत, ठोके १६८ म्हणजे २२० वजा वय केलं तर येतात १७४, त्याच्या ९६ टक्के. न दुखता. ही गोष्ट रिपोर्टच्या वरच्या अर्ध्या भागात असते, सगळे खालची एकच ओळ वाचतात.

दुसरं, बायकांच्या टेस्टमध्ये गडबड जास्त होते हे मी रोज बघते. छातीवर दहा इलेक्ट्रोड लागतात, ते नीट चिकटले नाहीत, जेल सुकली, घाम आला, कपडा घासला की लाइन थरथरते. त्यावर कॉम्प्युटर आपोआप मोजमाप काढतो आणि खाली इंग्रजीत वाक्य छापतो. ते वाक्य पुष्कळदा मशीनचं असतं, डॉक्टरने मूळ आलेख डोळ्याने बघून मग सही करायची असते. तुमच्या रिपोर्टवर सही कुणाची आहे, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते आधी बघा. आणि पूर्ण आलेख मागून घ्या, सगळी पानं, नुसतं शेवटचं पान नाही. तो तुमचा कागद आहे, मागायला लाजू नका.

आणि एक विचारते. कॅम्पला रक्त द्यायला उपाशी गेला असाल, टीएमटी त्याच दिवशी झाली का? काही खाल्लं होतं का? पोट गच्च भरून टीएमटी करू नये हे खरं, दोन-तीन तास आधी हलकं खाऊन यावं, चहा-कॉफी-सिगरेट नको. पण बारा-चौदा तास उपाशी, त्यात हिमोग्लोबिन ९.४, अशा बाईला चढावर पळवलेलं मला पटत नाही. कॅम्पमध्ये हे कुणी विचारतच नाही, नंबर लागला की चढ पट्ट्यावर. स्लीपर घालून आलेल्या आजींना मी स्वतः परत पाठवलंय, बूट घालून या म्हणून, त्यांचा मुलगा माझ्यावर चिडला होता.

बीपीची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, हे बाकी वाचणाऱ्यांसाठी. काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत मग टेस्ट अर्धवट राहते. पण मनाने गोळी बंद करून येऊ नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

डॉक्टरकाका_सिंहगडरोड | सोमवार, दुपारी २:२०

स्मिता, मी ३४ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता निवृत्त. तुला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाच. वरच्या टेक्निशियन ताईंनी फार नेमकं सांगितलंय.

इस्केमिया म्हणजे हृदयाला रक्त कमी पडणं. त्याची खूण म्हणून ईसीजीतला एसटी नावाचा भाग खाली जातो का ते बघतात, तेच एसटी डिप्रेशन. त्याचे प्रकार असतात. रेघ खाली जाऊन सपाट राहिली किंवा आणखी खाली उतरत गेली तर ते काळजीचं. तुझं लिहिलंय अपस्लोपिंग, म्हणजे रेघ खाली गेली पण लगेच वर चढत आली, तेही १ मिमी, तेही ठोके कळसाला असताना, आणि थांबल्यावर एका मिनिटात गेलं. याला आम्ही फार वजन देत नाही. रक्त कमी असताना हृदय जोरात पळवलं तर एसटी थोडी हलू शकते. ९.४ हिमोग्लोबिन हा तुझ्या सगळ्या रिपोर्टमधला ठळक आकडा आहे आणि त्याच्याबद्दल त्या सेंटरवरून एकही फोन आला नाही, याचं मला वाईट वाटतं. पाळीत जास्त जातंय का? अंगावर काढू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

आता मुख्य गोष्ट, ही सगळ्यांनीच वाचा. कुठलीही टेस्ट कुणावर करतोय यावर तिच्या उत्तराचा अर्थ बदलतो. समजा तुझ्यासारख्या, काहीच त्रास नसलेल्या १०० बायका घेतल्या आणि समजा त्यातल्या ५ जणींना खरोखर मोठं ब्लॉकेज आहे. टीएमटी साधारण दहातले सात खरे आजार पकडते, आणि दहा निरोग्यांमधल्या दोघा-तिघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. म्हणजे त्या ५ मधल्या तीन-चार सापडतील, आणि उरलेल्या ९५ मधल्या वीसपेक्षा जास्त जणींना विनाकारण पॉझिटिव्हचा कागद मिळेल. हॉलमध्ये पंचवीस घाबरलेल्या बायका, त्यात खऱ्या आजारी तीन-चार. तीच टेस्ट ६० वर्षांच्या, डायबेटिस असलेल्या, जिना चढताना छाती भरून येणाऱ्या माणसावर केली तर पॉझिटिव्हला फार मोठा अर्थ असतो. टेस्ट तीच, पट्टा तोच. अमेरिकेत सरकारने नेमलेली तज्ज्ञांची समिती आहे, तिने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ज्यांना त्रास नाही आणि धोका कमी आहे अशांना सरसकट ईसीजी किंवा स्ट्रेस ईसीजी करू नका. कॅम्पमध्ये नेमकं उलटं चालतं, ज्याला गरज नाही तोच पट्ट्यावर, कारण गरज असलेला घरी बसून असतो.

पण म्हणून तुझा धोका शून्य असं मी म्हणणार नाही. वडिलांना ५२ व्या वर्षी झालं. जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ती घराण्यातली खूण आम्ही गंभीरपणे धरतो. त्यात आपण भारतीय. २००४ साली इंटरहार्ट म्हणून ५२ देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात दक्षिण आशियातल्या निम्म्या रुग्णांना पहिला अटॅक ५३ च्या आत आलेला होता, बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. आणि त्याच अभ्यासात दिसलं की नव्वद टक्क्यांच्या वर धोका नऊ साध्या गोष्टींत सापडतो, त्यात तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, साखर, पोटाचा घेर, ताण ही मोठी नावं. यातल्या एकाही गोष्टीला पट्टा लागत नाही.

तुझ्यासाठी मी काय विचार केला असता ते सांगतो. हिमोग्लोबिनचं कारण शोधणं. एमडी मेडिसिन किंवा हृदयरोगतज्ज्ञांना सगळे कागद घेऊन समोरासमोर भेटणं, आणि ते डॉक्टर ज्यांनी टेस्ट विकली त्यांच्याशी जोडलेले नसलेले बरे. त्यांना पटलं तर सीटी कॅल्शियम स्कोअर. यात डाय (नळीत सोडायचा रंग) नाही, सुई नाही, काही मिनिटांचं काम, हृदयाच्या नळ्यांमध्ये चुना किती साठलाय ते मोजतात. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका बराच कमी. १०० च्या वर गेला तर कोलेस्टेरॉलची गोळी हवीच असं बहुतेक जण मानतात, ४०० च्या वर म्हणजे थर भरपूर. मात्र शून्य म्हणजे कवचकुंडलं नाहीत, मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही, तरुणांमध्ये तर आणखीच. आणि ज्याला छातीत दुखतंय त्याने कॅल्शियम स्कोअर करत बसायचं नाही.

तसंच आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए ही रक्ततपासणी कर. हे कोलेस्टेरॉलचंच एक भावंड आहे, आईबापाकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही, ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दलची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सगळ्यांनी हे निदान एकदा करावं असं आहे, आणि पहिलं लिपिड प्रोफाइल १८ व्या वर्षीच करा असंही आहे. त्यात एलडीएलचं, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचं, लक्ष्य साध्या धोक्याला १०० च्या आत, जास्त धोक्याला ७० च्या आत, फार जास्त धोक्याला ५५ च्या आत. म्हणजे लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल १३० पर्यंत’ छापलेलं असतं ते सगळ्यांना सारखं लागू नाही. तुझं १३८ कुठल्याच हिशोबाने ठीक नाही.

अँजिओग्राफी वाईट नाही, हल्ली मनगटातून करतात, मोठी गुंतागुंत शंभरात एकापेक्षाही कमी. पण ती नळीत तार घालून डाय सोडायची तपासणी आहे, मनातला किडा घालवायला ती करत नाहीत.

तू गरोदर असताना बीपी किंवा साखर वाढली होती का? बायकांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा राहतोच, आणि पुढच्या धोक्याशी त्याचा थेट संबंध आहे.

पर्वतीकर_५८ | सोमवार, रात्री ९:०५

डॉक्टरसाहेबांचं सगळं मान्य, पण मला दुसऱ्या बाजूचं सांगितलंच पाहिजे नाहीतर कुणीतरी हे वाचून नुसता निर्धास्त होऊन बसेल.

माझा रिपोर्ट नॉर्मल होता. गेल्या वर्षी असाच कॅम्प, ईसीजी काढला, खाली ‘विदिन नॉर्मल लिमिट्स’. मी तो घडी घालून पाकिटात ठेवला होता, मित्रांना दाखवायचो. मी वीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढतो, १०३ पायऱ्या, कधी न थांबता. कॅम्पनंतर आठवड्याभरात साधारण साठाव्या पायरीला छातीच्या मधोमध जळजळायला लागलं. थांबलं की जायचं, परत चढलं की परत. मी म्हटलं रात्री मिसळ खाल्ली, पित्त झालं. अँटासिडची बाटली आणली. तीन आठवडे मी हे अंगावर काढलं, कारण रिपोर्ट नॉर्मल होता ना पाकिटात.

मग एका रात्री साडेतीनला जाग आली, घामाने बनियन चिंब, जबड्यात दुखतंय, डावा हात जड, आणि कसंतरीच वाटत होतं, ते शब्दात सांगता येत नाही. मी हिला म्हटलं सोडा दे. हिने सोडा दिला नाही, १०८ ला फोन लावला. त्या बाईच्या त्या एका निर्णयावर मी आज टाइप करतोय. हॉस्पिटलात ईसीजी काढला तेव्हा रेघा उभ्या राहिल्या होत्या, समोरची मोठी नळी बंद, पहाटेच अँजिओप्लास्टी.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की पडल्या पडल्या काढलेला ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांचा फोटो. हृदयाला त्या वेळी रक्त पुरतंय तर तो सरळच येणार, नळी सत्तर टक्के बंद असली तरी. आणि जो थर फुटून अटॅक येतो तो आधी फार मोठा असायलाच हवा असं नाही, लहान थर फुटला, त्यावर रक्ताची गुठळी झाली की खेळ खलास. म्हणून चढताना येतं, थांबलं की जातं असं काहीही, मग ते दुखणं असो, जळजळ असो, दाबल्यासारखं असो, नुसता दम असो, ते पित्त नाही असं धरून चाला आणि कागद काही का म्हणेना डॉक्टरकडे जा. डायबेटिसवाल्यांना आणि बायकांना तर कधी कधी दुखतच नाही, नुसता थकवा येतो, मळमळतं.

आणि रात्री असं झालं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रिक्षा शोधत बसू नका.

कोथरूडचा_निनाद | सोमवार, रात्री ९:४०

काका, वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या.

डॉक्टरकाका एक विचारायचं होतं, माझ्या घड्याळात ईसीजी येतो, मी रोज सकाळी काढतो आणि सायनस ऱ्हिदम (ठोके नियमित) दिसलं की बरं वाटतं. त्याचा उपयोग आहे ना? वय ३९, बसून काम, हिंजवडीला जाऊन येऊन रोजचे तीन तास गाडीत.

डॉक्टरकाका_सिंहगडरोड | मंगळवार, सकाळी १०:१५

निनाद, ते घड्याळ एकाच बाजूने बघतं, आपला ईसीजी बारा बाजूंनी. ठोके अनियमित होण्याचा एक आजार, एट्रियल फिब्रिलेशन, तो ते बऱ्यापैकी ओळखतं, ब्लॉकेज किंवा अटॅक ओळखत नाही. पर्वतीकरांना त्या तीन आठवड्यांत घड्याळानेही सगळं छान आहे असंच सांगितलं असतं.

तुला खरंच काही मोजायचं असेल तर कापडी टेप घे आणि बेंबीच्या पातळीला पोट मोज, श्वास न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवं, बायकांना ८०. आणि घरी बीपीचं मशीन आण, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको. बीपी घ्यायचीही पद्धत असते रे. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीला, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा नको, आणि मोजताना बोलायचं नाही. दोनदा घ्यायचं. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहायला लागलं तर डॉक्टरला दाखव. माझ्याकडे लोक जिना चढून धापा टाकत यायचे आणि म्हणायचे पटकन बघा, मी आधी खुर्ची द्यायचो.

ज्यांना पैशाचा प्रश्न आहे त्यांनी लक्षात ठेवा, ३० च्या वरच्या सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आणि जे जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरतात त्यांना वजावटीत हेल्थ चेकअपचे ५,००० पर्यंत दाखवता येतात.

स्मिता, तुझं उत्तर आलं नाही. अजून एक, पप्पांना तू एकटीच का? भाऊ-बहीण कुणी?

धायरीची_स्मिता | मंगळवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस शाळेत परीक्षा होत्या. पट्टेवाली ताई, हो, आदल्या रात्री आठला जेवले होते, सकाळी नऊला रक्त दिलं आणि साडेअकराला पट्ट्यावर, मध्ये फक्त पाणी. आणि सही बघितली, सहीच नाहीये, नुसतं सेंटरचं नाव छापलंय. आज त्यांना फोन करून पूर्ण आलेख मागितला तर ती मुलगी गडबडलीच, आधी म्हणाली देता येत नाही, मग म्हणाली विचारून सांगते, संध्याकाळी आला बारा पानांचा.

काका, पाळीत खूप जातं, दोन वर्षं झाली. मी लक्षच दिलं नाही, चाळिशीनंतर होतंच म्हणून. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर परत नॉर्मल. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

भाऊ आहे, धाकटा, ४१ चा. चिंचवडला कंपनीत असतो. तो कॅम्पला वगैरे कधीच येत नाही, म्हणतो मला काय धाड भरलीय.

डॉक्टरकाका_सिंहगडरोड | बुधवार, सकाळी ८:३०

तंबाखू?

धायरीची_स्मिता | बुधवार, सकाळी ८:५२

हो काका. पप्पांसारखीच, दिवसाला दोन-तीन पुड्या.

डॉक्टरकाका_सिंहगडरोड | बुधवार, सकाळी ९:१०

मग तुझ्याआधी त्याला घेऊन जा. पट्ट्यावर नाही, बीपी, साखर, लिपिड, लायपोप्रोटीन ए आणि एक साधी भेट. त्याचं वय, बाप आणि तंबाखू या तीन गोष्टी मला तुझ्या एसटीपेक्षा जास्त टोचतायत. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. दटावून सुटत नाही, तू बहीण आहेस, तू दटावू नकोस.

धायरीची_स्मिता | २४ दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:००

उशीर झाला पण कळवायचं होतंच, कारण उद्या कुणी हेच शोधत इथे येईल.

सिंहगड रोडवरच्या एका हृदयरोगतज्ज्ञ मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, वीस मिनिटं, मग बारा पानं एकेक करून बघितली, पेनाने मला दाखवलं की ही रेघ बघा इथे वर जातेय. म्हणाल्या माझ्या मते ही टेस्ट पॉझिटिव्ह नाही, अँजिओग्राफीची गरज नाही. कॅल्शियम स्कोअर केला, शून्य. मी पार्किंगमध्येच रडले.

पण लायपोप्रोटीन ए आला ७४. मॅडम म्हणाल्या पप्पांचा वारसा हा असावा. त्यांनी आधी तीन महिने खाणं-चालणं आणि लोह, मग परत लिपिड, आणि एलडीएल १०० च्या खाली आला नाही तर छोट्या डोसची गोळी चालू करू असं सांगितलं, माझ्याशी बोलून ठरवलं. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघालं, त्याची ट्रीटमेंट सुरू आहे, हिमोग्लोबिन ९.४ वरून १०.६ झालंय. तीन मजले आता दम न लागता चढते, आणि मला वाटत होतं आधीही दम लागत नव्हता. लागत होता, सवय झाली होती.

भावाला आणायला मला तीन रविवार लागले. मी दटावलं नाही काका, फक्त पप्पांचा जुना चष्मा आणि त्यांची चुन्याची डबी माझ्याकडे आहे ती त्याला दाखवली आणि म्हटलं माझ्यासोबत सोबतीला चल, मला एकटीला भीती वाटते. आला. सिस्टरने त्याचं बीपी घेतलं, मग पाच मिनिटं बसवून परत घेतलं, मग दुसऱ्या हाताला घेतलं. १६४/१०२. साखर १९०, उपाशीपोटी. लायपोप्रोटीन ए ९८. आणि त्याला काहीच त्रास नाही म्हणे. गोळ्या सुरू झाल्यात, मॅडमनी त्याला लगेच पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात, सोमवारी आहेत. त्या हेल्पलाइनला त्याने स्वतः फोन लावला, माझ्यासमोर नाही, गच्चीवर जाऊन. आज सहावा दिवस. चिडचिड करतोय, बडीशेप खातोय सारखी, वहिनी वैतागलीय, पण पुडी नाही.

पर्वतीकर काका, तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. साठाव्या पायरीपाशी आल्यावर तो म्हणाला थांब, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मला कंपनीच्या गेटपासून शॉपपर्यंत येताना होतं तसं कधी कधी. हे मी मॅडमना कालच फोन करून सांगितलं, त्यांनी सोमवारची तपासणी रद्द करून त्याला आजच बोलावलंय. आम्ही आता निघतोय, संध्याकाळी लिहिते.